भरपूर पाणी प्या, पण लघवीला सुट्टी कोण देणार?

संपादक महोदय,
नमस्कार.

१९ जूनला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा जागतिक दिन असतो, त्या दिवशी दरवर्षी पेपरात एक चौकट येते तशी यंदा आपल्याही पेपरात आली. वर कोयत्यासारख्या लाल पेशीचं चित्र आणि खाली पाच ओळी, भरपूर पाणी प्यावं, पौष्टिक आहार घ्यावा, थंडी-उन्हापासून जपावं, अतिश्रम टाळावेत, औषध नियमित घ्यावं. मी ती चौकट कापून दुकानाच्या काचेला चिकटवली, कारण त्यात चूक एकही नाही. पण या पाच ओळी मी लहानपणापासून जगतोय, आता चाळिशी जवळ आली, आणि माझा अनुभव असा आहे की यातली एकही ओळ पेशंटला एकट्याने पाळता येत नाही. त्यासाठी मास्तर लागतो, कंडक्टर लागतो, शेतमालक लागतो, बायको लागते. ते कुणी लिहित नाही म्हणून हे पत्र. लांब होणार आहे, कापायचं तिथे कापा.

माझं नागभीड तालुक्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मी लाल कार्डवाला. आमच्याकडे सांगावं लागत नाही पण बाकी वाचकांसाठी सांगतो, रक्त तपासल्यावर कार्ड मिळतं, त्यात लाल कार्ड म्हणजे एसएस, आई आणि बाप दोघांकडून सिकलचा जीन आलेला, म्हणजे पक्का पेशंट. पिवळं कार्ड म्हणजे एएस, एकाच बाजूने आलेला, तो वाहक, त्याला सहसा काही त्रास नसतो. माझे आईबाप दोघंही पिवळे होते आणि त्यांना ते माझं निदान होईपर्यंत माहीतच नव्हतं. मी चौथीत जाईपर्यंत माझं दुखणं म्हणजे वात होता, मग बाहेरची हवा झाली, मग कुणीतरी पोटावर बिब्याचे डाग दिले ते अजून आहेत. नंतर वाचलं की शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल १९५८ मध्येच लँसेटमध्ये लिहिलं होतं. मी त्यानंतर पाव शतकाहून जास्त काळाने जन्मलो, तरी माझ्या वाट्याला बिबाच आला, असो.

होतं काय ते थोडक्यात. चांगली लाल पेशी गोल आणि लवचिक असते, बारीक नळीतून वाकून निघून जाते आणि साधारण १२० दिवस जगते. आमची ऑक्सिजन सोडला की कडक होते, कोयत्यासारखी वाकडी होते, बारीक नळीत अडकते, आणि १०-२० दिवसांत फुटून जाते. अडकली की पुढच्या भागाला रक्त नाही, म्हणून दुखणं. फुटत राहते म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला, दम लागेपर्यंत धावलं, की हे अडकणं वाढतं. त्या पाच ओळी या एका गोष्टीवरून आल्यात.

आता पाणी. मोठ्या माणसाने दिवसाला ३ ते ४ लिटर प्यावं असं डॉक्टर सांगतात आणि आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो तेव्हा तेही पुरत नाही. पण याच्यातली खरी गोम पाण्याची नाही, लघवीची आहे. सिकलवाल्याची किडनी लहानपणापासूनच पाणी धरून ठेवायला कमी पडते, त्यामुळे आम्हाला इतरांपेक्षा जास्त वेळा लघवीला जावं लागतं. म्हणजे प्यायलेलं पाणी निघून जातं आणि परत प्यावं लागतं. शाळेत काय होतं बघा, लेकरू पाणी पितं, अर्ध्या तासाने हात वर करतं, सर म्हणतात आत्ताच तर सुट्टी झाली ना, बस खाली. दोनदा असं झालं की पोट्टं हुशार होतं आणि पाणी पिणंच सोडतं. मी पण सोडलं होतं. सातवीत असताना दिवसभर एक ग्लास पाण्यावर राहायचो कारण मला वर्गात मुत्र्या म्हणायचे, आणि दर महिन्याला पाय धरून रडायचो आणि घरच्यांना वाटायचं याला शाळा चुकवायची आहे. मुलींचं तर विचारूच नका, शाळेच्या संडासाला कडी नाही, पाणी नाही, मग त्या पोरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत धरून बसतात आणि घरी जाऊन तापतात.

म्हणून मास्तर लोकांना हात जोडून विनंती, वर्गात लाल कार्डवालं लेकरू असेल तर बाटली बाकावर ठेवू द्या आणि न विचारता बाहेर जाऊ द्या. एवढं केलं तर अर्ध्या गोळ्यांचं काम होतं. आणि आईबापांना पण सांगतो, असं लेकरू आठ-दहा वर्षांचं झालं तरी रात्री अंथरूण ओलं करतं, ते आळशी नसतं, त्याची किडनीच तशी असते, त्याला मारू नका आणि रात्रीचं पाणी तर अजिबात बंद करू नका. आमची माय रात्री दोनला स्वतः उठून मला उठवायची, आधी बाहेर न्यायची मग एक पेला पाणी पाजायची, मी झोपेतच प्यायचो. आता मोबाइलला अलार्म आहे पण मायसारखं नाही ते.

एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. पेपरात येतं ना की लघवीचा रंग फिका असेल तर पाणी पुरेसं आहे समजावं, ते आम्हाला लागू नाही. आमची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही त्यामुळे अंगात पाणी कमी असलं तरी ती फिकीच दिसू शकते. तहानेची पण वाट बघायची नाही. घड्याळ लावून प्यायचं. मी दुकानात ठरवलंय, दर दुसऱ्या तासाला बाटली संपली पाहिजे, गिऱ्हाईक कितीही असो. आणि लघवी चहासारखी काळपट लाल झाली तर मात्र बाटलीवर भागत नाही, तेव्हा दवाखाना.

पाणी म्हणजे नुसतं पाणीच असं नाही. ताक, आंबील, कैरीचं पन्हं, लिंबूपाणी, डाळीचं पातळ वरण, भाताची पेज हे सगळं चालतं आणि उन्हाळ्यात आमच्या घरी हे असतंच. चहा मी सोडला नाही, खोटं कशाला बोलू, पण चहाला पाणी म्हणून मोजत नाही. लग्नसराईत सगळ्यात कठीण जातं. मे महिन्यातलं लग्न, मांडव पत्र्याचा, वरात दोन तास उशिरा, जाराचं पाणी संपलेलं आणि नवरदेवाचे दोस्त मला नाचायला ओढतात. नाही म्हटलं की म्हणतात भाव खातो. मी आता सरळ सांगतो की मी सिकलवाला आहे, आज नाचलो तर उद्या मला उचलून न्यावं लागेल, तुम्ही येणार का उचलायला. मग सोडतात.

थंडी म्हटलं की लोकांना डिसेंबर आठवतो. डिसेंबर तर आहेच, नागपूरकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा सरकारी दवाखान्यात आमचीच गर्दी असते, पण आमच्या धानपट्ट्यात खरी थंडी जुलैत लागते, रोवणीत, म्हणजे धानाची रोपं लावताना. बाया सकाळी आठपासून बांधीत घोटाभर पाण्यात वाकून उभ्या, वरून पाऊस, अंगावर प्लास्टिकची खोळ, आणि संध्याकाळपर्यंत तसंच. त्यात एखादी लाल कार्डवाली असते आणि ती सांगत नाही कारण सांगितलं तर उद्यापासून तिला रोवणीला बोलावत नाहीत आणि ते दोन-तीन आठवडेच तर हातात पैसा येतो. माझी चुलत बहीण अशीच दरवर्षी रोवणीनंतर आठ दिवस झोपून असायची. मग एका शेतमालकीणबाईने, भली बाई आहे, तिला परे, म्हणजे धानाची रोपं, बांधायचं आणि जेवण आणायचं काम दिलं, मजुरी तीच. तेव्हापासून तिचं ते आठ दिवसांचं झोपणं बंद झालं. तिने स्वतः एवढंच केलं की कोरडे कपडे पिशवीत ठेवायला लागली आणि भिजलं की लगेच बदलायला लागली. ती कोरडी पिशवी ही आमच्या घरात आता सगळ्यांची सवय आहे, पावसाळ्यात माझ्या गाडीच्या डिक्कीत बनियन, सॉक्स आणि टॉवेल असतोच.

बाकी थंडीचे बारीकसारीक नियम लिहितो कारण हे कुठे लिहिलेलं मिळत नाही. अंघोळ बाराही महिने कोमट पाण्याने, मे महिन्यात लोक हसले तरी. विहिरीत, तलावात उडी नाही. रंगपंचमीला कोरडा रंग, आणि पोरांनी पाठीमागून गार पाण्याची बादली ओतली की खेळ बंद, घरी. कूलर लावायचा पण खाट कूलरच्या तोंडाला नाही, आणि उन्हातून आल्या आल्या त्याच्यासमोर बसायचं नाही, आधी पाच-दहा मिनिटं सावलीत. एसीच्या स्लीपर बसमध्ये माझ्यासारख्याने स्वेटर आणि मोजे घालूनच चढावं, नागपूर ते पुणे रात्रभर ती हवा अंगावर घेऊन मी एकदा सकाळी वाकडवरून सरळ दवाखान्यात गेलोय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुखत असलेल्या जागेवर बर्फ लावायचा नाही. क्रिकेटमध्ये बघून लोक बर्फ आणतात, प्रेमाने आणतात, पण गार लावलं की नळ्या अजून आकसतात. आम्हाला शेक लागतो, गरम पाण्याची पिशवी, नाहीतर तव्यावर गरम केलेलं फडकं, आणि हलक्या हाताने चोळणं.

श्रमाचं जरा उलट आहे. घरचे लोक घाबरून लेकराला काहीच करू देत नाहीत, खेळू नको, धावू नको, सायकल नको, आणि ते पोरगं पंधराव्या वर्षी जिना चढलं तरी धापा टाकतं. माझ्या डॉक्टरांनी मला बारावीत सांगितलं की चाल, रोज चाल, पण बोलता बोलता चालता येईल इतकंच. तोंडातून शब्द निघेना झाला की थांब, पाणी पी, बस, परत चाल. मी सकाळी ऊन चढायच्या आधी अर्धा तास चालतो, थंडीत मात्र उलटं, ऊन पडल्यावर. पोरांना खेळू द्या, फक्त मध्येमध्ये थांबू द्या आणि बाटली मैदानाच्या कडेला असू द्या. पीटीच्या सरांनी शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं, हे मात्र आमच्या लेकरांच्या बाबतीत कृपा करून नको.

इथे पिवळ्या कार्डवाल्यांसाठी एक. आमच्याकडे दर गावात दहा-वीस पोरं पोलीस भरतीची तयारी करतात, पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, पहाटे चारपासून डांबरी रस्त्यावर धावत असतात. त्यात पिवळे कार्डवाले असणारच. त्यांनी धावायचं नाही असं अजिबात नाही, वाहक माणूस सगळं करू शकतो. पण वाहकाने उन्हात, उपाशीपोटी, पाणी न पिता, अंगात ताप असताना ताकद संपेपर्यंत धावलं तर स्नायू विरघळून किडनीवर येऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. वजन-छाती जमवायला पाणी तोडणं वगैरे जे प्रकार चालतात ते वाहकाने करू नयेत. हळूहळू वेग वाढवायचा, मध्ये थांबायचं, पायात गोळे येऊन दुखायला लागलं की तिथेच बसायचं, दोस्त काहीही म्हणोत.

आहाराबद्दल जेवढं लिहितात तेवढं त्यात नाही असं माझं मत आहे. सिकल बरं करणारी भाजी नाही. पण फुटणाऱ्या पेशींच्या जागी नवीन बनवायला शरीराला सतत माल लागतो, म्हणून भूक जास्त, आणि लेकरं बारीक दिसतात. त्यांना दोनदा नाही चार-पाचदा खायला लागतं. आमच्या घरी पावसाळ्यात तरोटा, नंतर चवळी, पालक, अंबाडी, वर्षभर तूर-मूग-हरभरा, अंडी, बोडीतली म्हणजे छोट्या तळ्यातली मासोळी, शेंगदाणे. महाग काही नाही. फोलिक अ‍ॅसिडची गोळी रोज, ती मला दात घासण्यासारखी झालीय.

गडबड होते ती लोहाची. सिकलवाल्याचं हिमोग्लोबिन कमी दिसलं की जो तो लोहाच्या गोळ्या सुचवतो, शेजारी, मेडिकलवाला, कधीकधी नवीन आलेली सिस्टरसुद्धा. आमचं रक्त लोह कमी म्हणून कमी नसतं, पेशी फुटतात म्हणून कमी असतं, आणि फुटलेल्या पेशीतलं लोह अंगातच राहतं. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्यात तर ते लिव्हरमध्ये, हृदयात साचत जातं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, चांगली योजना आहे, पण लाल कार्डवाल्या लेकराने ती आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, तपासणीत लोह खरंच कमी निघालं तरच. पालक आणि गूळ खाल्ल्याने काही होत नाही, गोळीचं बोलतोय मी. आणि प्रत्येकाने आपला नेहमीचा आकडा पाठ ठेवावा. माझं हिमोग्लोबिन चांगल्या दिवसात ८ असतं. नवीन डॉक्टर ८ बघून घाबरतात आणि रक्त चढवायला निघतात, मी सांगतो साहेब हे माझं रोजचं आहे, ५ झालं तर घाबरा.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटून केलेली पुडी. आता विदर्भात खर्र्यावर बोलणं म्हणजे शिव्या खाणं. मी पण दहा वर्षं खाल्ला, दुकानात बसून दिवसाला चार-पाच पुड्या. तोंडात खर्रा असला की माणूस पाणी पीत नाही, एवढं साधं गणित मला दहा वर्षांनी कळलं. बिडी-सिगारेटचं तर थेट छातीशी नातं आहे, सिकलवाल्याच्या फुप्फुसात पेशी अडकल्या की छातीत दुखतं, खोकला, ताप, दम, आणि हे आमच्यात मरायचं एक मोठं कारण आहे. घरात दुसरा कुणी ओढत असेल तर त्याने अंगणात जावं. मोहाची असो की बाटलीतली, दारू अंगातलं पाणी बाहेर काढते. मी प्यायचो त्या काळात दर सोमवारी का दुखायचं हे विचारायला डॉक्टर लागला नाही.

औषध. हायड्रॉक्सियुरिया ही कॅप्सूल मी आठ वर्षं घेतोय. ती अंगातलं बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते, ते असलं की पेशी सहजासहजी वाकड्या होत नाहीत. मला आधी वर्षात पाच-सहा वेळा भरती व्हावं लागायचं, आता दीड-दोन वर्षांत एकदा. नखं काळपट झाली, तोंड आलं एक-दोनदा, पण ठीक आहे. यात लोकांच्या दोन चुका होतात. एक, तीन महिने दुखलं नाही की बंद करतात, अहो ती घेताय म्हणूनच दुखत नाहीये. दुसरी, रक्त न तपासता वर्षानुवर्षं खातात. सुरुवातीला दर महिन्याला आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी पेशींची तपासणी लागतेच, पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर डॉक्टर डोस कमी करतात. मूल हवं असेल तर बाईनेही आणि पुरुषानेही आधी डॉक्टरला सांगायचं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, म्हणजे असली तर मिळते. मध्ये आमच्याकडे दोन महिने स्टॉक नव्हता, बाहेरून घ्यायची तर मजुरी करणाऱ्याने कशी घ्यावी. १ जुलै २०२३ ला शहडोलला राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा, ७ कोटी लोकांची तपासणी करायची, फार चांगलं. पण तपासून कार्ड दिलं आणि कॅप्सूल नाही दिली तर त्या कार्डाचं मी लॅमिनेशनच करून देऊ शकतो, दहा रुपयात.

लहान लेकरांच्या आईबापांनी तीन गोष्टी शिकून घ्याव्यात. पाच वर्षांचं होईपर्यंत पेनिसिलिन दिवसातून दोनदा, एकही दिवस न चुकवता, आणि लसी सगळ्या, न्युमोकोकसची आणि दरवर्षी फ्लूची पण विचारून घ्यावी. कारण आमची प्लीहा लहानपणीच काम सोडते आणि साधा जंतू पण एका रात्रीत घात करतो. ताप १०१ च्या वर गेला की घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री बारा वाजले तरी निघायचं. आणि पोटाच्या डाव्या बाजूला बरगडीखाली हात लावून बघायची सवय, नर्सताई दाखवून देतात. अचानक तिथे टणक लागलं, लेकरू पांढरं पडलं, मलूल झालं, तर प्लीहेत रक्त साचतंय, एक तासही घालवू नका. तोंड वाकडं, एका हाताची ताकद गेली, बोलणं अडखळलं तरी तेच. आणि डोळे पिवळे दिसले की काविळीच्या मंत्राला, नाकात थेंब टाकायला नेऊ नका, आमचे डोळे बऱ्याचदा पिवळेच असतात. मच्छरदाणीत झोपवा. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण असतं, म्हणूनच तर हा जीन जंगलपट्ट्यात टिकला, पण लाल कार्डवाल्याला मलेरिया झाला तर तो जास्तच बेतू शकतो. लोक हे दोन्ही एक समजतात.

दुखण्याचं सांगू का, ते दिसत नाही हाच सगळा घोळ आहे. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं. आमचं हाड आतून ओरडत असतं आणि बाहेरून माणूस चांगला दिसतो. एका दवाखान्यात रात्री मला ड्युटीवरच्या माणसाने सांगितलं की इंजेक्शनची सवय लागलीय तुला, नाटक बंद कर. मी तेव्हापासून एक प्लास्टिकची फाइल करून ठेवलीय, वर मोठ्या अक्षरात सिकलसेल एसएस, नेहमीचं हिमोग्लोबिन, रक्तगट, कोणती औषधं चालू, मागच्या वेळी कशाने आराम पडला, आणि माझ्या डॉक्टरांचा नंबर. फाइल दाखवली की आवाज बदलतो. ही फाइल मी आता दुकानात कुणालाही फुकट बनवून देतो, झेरॉक्सचे पण पैसे घेत नाही. घरच्या घरी काय करायचं तेही त्यात लिहिलंय. पाणी, शेक, झोपणं, पॅरासिटामॉल, आणि तेवढ्याने थांबलं नाही की भरती. मेडिकलमधून दुखण्याच्या लाल-हिरव्या गोळ्या आपल्या मनाने खात बसू नये, किडनी आमची आधीच अर्धी थकलेली असते.

दुकानात मी यूडीआयडीचे, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचे, फॉर्म पण भरतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत त्यात सिकलसेल आहे, पण अर्ध्या लोकांना ठाऊकच नाही. दाखला असला तर परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळू शकतात. दहावीच्या मार्च महिन्यात, उन्हात, टेन्शनमध्ये, पाणी न पिता तीन तास बसणाऱ्या लेकराला ती तासामागची वीस मिनिटं म्हणजे दोनदा पाणी पिऊन दोनदा लघवीला जाऊन येण्याची सोय आहे. फॉर्म भरायला आईबाप येतात पण शाळेत सांगू नका म्हणतात, पोरीचं पुढे लग्न व्हायचं आहे. मी त्यांना दोष देत नाही. माझं लग्न तीन ठिकाणी मोडलं. चौथ्या ठिकाणी मुलीनेच आधी तपासणी करून घेतली, तिचा रिपोर्ट एए आला, म्हणजे सिकलचा जीन नाहीच, आणि म्हणाली मग काय अडचण आहे. आमची दोन्ही लेकरं पिवळी आहेत, असणारच होती, माझ्याकडून एकेक आला, पण लाल एकही नाही. दोन पिवळ्यांचं जमलं असतं तर प्रत्येक खेपेला चारात एक लाल निघायची भीती. पोरांना मी आत्तापासूनच सांगून ठेवलंय की पत्रिका नंतर बघू, आधी कार्ड.

शेवटी आपल्या पेपरबद्दल थोडं, राग मानू नका. आतल्या पानांवर सिकलसेल मुळापासून बरा अशा जाहिराती येतात, आपल्याच नाही, सगळ्याच पेपरात. आमच्या भागातले लोक त्यासाठी बैल विकतात आणि त्या काळात कॅप्सूल बंद करतात. बरं व्हायचे मार्ग आहेत, बोन मॅरो बदलतात, अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये जीन थेरपीला पण मान्यता मिळाली, पण त्यातल्या एकीची किंमत २२ लाख डॉलर आहे. ते आमच्यापर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर बाटली आणि कॅप्सूल.

आणि ती चौकट १९ जूनलाच का छापता? तोवर आमच्याकडे उन्हाळा संपत आलेला असतो, ज्याला झोपायचं तो झोपून उठलेला असतो. एकदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात छापा, ऊन तापायच्या आधी, एकदा रोवणीच्या आधी, आणि एकदा दिवाळीनंतर थंडी पडताना. जागा कमी असेल तर पौष्टिक आहाराची ओळ काढा आणि त्या जागी लिहा की वर्गात लेकराला लघवीला जाऊ द्या.

नाव छापू नये ही विनंती, पुतणीचं बघणं चालू आहे.

आपला,
एक लाल कार्डवाला वाचक
ता. नागभीड, जि. चंद्रपूर